'ग्रो' म्हणजे नुसतं वाढणं नव्हे : बाटली, बियाण्याची पिशवी आणि दवाखान्याच्या रिपोर्टवर हा शब्द काय सांगतो?

कृषी सेवा केंद्रातल्या फळीवर नजर टाकली की 'ग्रो' आणि 'ग्रोथ' हे शब्द कितीतरी बाटल्यांवर दिसतात. हाच शब्द अंगणवाडीच्या तक्त्यावर असतो, लॅबच्या रिपोर्टवर असतो, म्युच्युअल फंडाच्या फॉर्मवर असतो आणि पोरांच्या इंग्रजीच्या पुस्तकात तर असतोच. बहुतेक जण त्याचा एकच अर्थ धरतात : वाढणे. अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अपुऱ्या अर्थावर परीक्षेत एखादा मार्क जातो, फवारणी केली तर मात्र हंगाम जातो. म्हणून या एका शब्दाची नीट ओळख करून घेतलेली बरी.

शब्द कसा चालतो

स्पेलिंग जी, आर, ओ, डब्ल्यू. उच्चार 'ग्रो'. काही मुलं 'नाऊ', 'काऊ'च्या चालीवर 'ग्राऊ' म्हणतात, ते चूक. भूतकाळी रूप 'ग्रू', तिसरं रूप 'ग्रोन'. 'ग्रोड' असं रूप इंग्रजीत नाही. वाढ म्हणजे 'ग्रोथ' आणि पिकवणारा तो 'ग्रोअर'. द्राक्ष बागायतदाराला इंग्रजीत 'ग्रेप ग्रोअर' म्हणतात ते यावरूनच.

शब्दाचं मूळ शेतातलंच आहे. 'ग्रो', 'ग्रीन' म्हणजे हिरवं आणि 'ग्रास' म्हणजे गवत, ही एकाच मुळातली भावंडं. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद मुख्यतः झाडापाल्यासाठी वापरत, माणसांच्या वाढीला दुसरं क्रियापद होतं. ते आता जवळजवळ गेलं, फक्त शुक्ल पक्षातल्या चंद्राला 'वॅक्सिंग मून' म्हणतात त्यात उरलंय.

आज 'ग्रो' तीन कामं करतो. पहिलं, आपोआप वाढणं. 'द प्लांट ग्रोज' म्हणजे रोप वाढतं. दुसरं, पिकवणं. 'वी ग्रो अनियन्स' म्हणजे आम्ही कांदा पिकवतो. इथेच मुलांची गडबड होते. कांदा, ऊस, गहू यांना 'ग्रो' चालतं, दाढी आणि केसांनाही चालतं, पण शेळ्या-कोंबड्यांना चालत नाही. 'वी ग्रो गोट्स' म्हटलं तर शेळ्या वाफ्यात लावल्यासारखं वाटतं. तिथे 'कीप' किंवा 'रेझ' वापरायचं. लेकरांनाही 'ग्रो' करत नाहीत. आईबापांनी वाढवलं म्हणायचं असेल तर 'ब्रिंग अप', आणि मी खेड्यात लहानाचा मोठा झालो असं सांगायचं असेल तर 'आय ग्रू अप इन अ व्हिलेज'. मुलाखतीला जाणारी पोरं 'आय वॉज ग्रोन इन अ व्हिलेज' म्हणतात. त्याचा अर्थ मला खेड्यात पिकवलं असा होतो. नुसतं 'ग्रो अप!' असं कोणी तोडून म्हटलं तर तो टोमणा समजावा : पोरकटपणा सोड.

तिसरं काम पुस्तकात कमी शिकवतात, पण महत्त्वाचं तेच आहे. 'ग्रो' म्हणजे हळूहळू होत जाणं. 'इट ग्रू डार्क' म्हणजे अंधार पडत गेला. 'शी ग्रू टायर्ड' म्हणजे ती थकत गेली. आणि 'द क्राउड ग्रू स्मॉलर' म्हणजे? गर्दी कमी होत गेली! 'ग्रो' आहे, पण आकडा खाली चाललाय. म्हणून शब्द दिसला की आधी विचारायचं, नेमकं काय वाढतंय आणि कुठल्या बाजूला?

आपली मराठीही यात कमी नाही. आई जेवण वाढते, म्हणजे 'सर्व्ह' करते. देवळात नारळ वाढवतात, म्हणजे फोडतात. बांगडी वाढली म्हणजे फुटली, अशुभ बोलायचं नाही म्हणून तसं म्हणायचं. आंबा पिकतो, ज्वारी पिकते आणि केसही पिकतात, तिन्हींचं इंग्रजी वेगळं. त्यामुळे मोबाईलवरच्या भाषांतराने 'वाढ'चं 'ग्रोथ' आणि 'ग्रोथ'चं 'वाढ' करून दिलं तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नये.

बाटलीवरचा 'ग्रोथ'

सगळ्यात जास्त घोटाळा इथे आहे. 'प्लांट ग्रोथ रेग्युलेटर' असं बाटलीवर लिहिलेलं असतं. लोक 'ग्रोथ' वाचतात आणि 'रेग्युलेटर' सोडून देतात. रेग्युलेटर घरातल्या पंख्यालाही असतो. तो पंखा वाढवतो तसा कमीही करतो. या औषधांचंही तसंच. मराठीत त्यांना संजीवके म्हणतात, आणि या नावानेही थोडी फसगत होते, कारण यातली काही औषधं वाढ थांबवण्यासाठीच असतात.

वाढवणारं म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, द्राक्षवाल्यांच्या बोलीत 'जीए'. घड लांबवायला आणि मणी मोठा करायला ते वापरतात. त्याची मात्रा पीपीएममध्ये असते. एका लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम, म्हणजेच १०० लिटर पाण्यात शुद्ध एक ग्रॅम गेलं की १० पीपीएम. इतक्या बारीक मापाचं औषध झाकणाने अंदाजे ओतायचं नसतं.

याच जिब्रेलिनचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. जपानी भातशेतीत एक रोग होता. काही रोपं बाकीच्यांपेक्षा झपाट्याने उंच व्हायची, फिकी पडायची, लोळायची आणि दाणा भरायचाच नाही. तिथले शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणत, म्हणजे वेडं रोप. एइची कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवलं की एक बुरशी काही द्रव सोडते आणि त्यामुळे रोप असं उधळतं. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिब्रेलिन नाव दिलं. म्हणजे आज ज्याच्यासाठी पैसे मोजतो, ते पहिल्यांदा रोगाच्या रूपात भेटलं. उंच झालं म्हणजे पिकलं असं नाही, हे त्या शेतकऱ्यांना नावावरूनच कळत होतं. आपल्याकडेही १९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बी आणलं ते बुटक्या वाणांचं होतं. ताट आखूड, म्हणून खत दिलं तरी लोळत नव्हतं आणि दाणा जास्त येत होता.

आता उलट्या बाजूची औषधं. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे 'सीसीसी', हे वाढ रोखतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीचा जोर आवरावा आणि डोळ्यात घड तयार व्हावा म्हणून द्राक्षात ते वापरलं जाई. त्याचा अंश मालात राहिल्यावरून २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांच्या कंटेनरना अडचण आली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. कपाशीत मेपिक्वाट क्लोराइड वापरतात, तेही शेंडा आवरण्यासाठीच. आधीच पाण्याचा ताण असलेल्या, गुडघ्याएवढ्या कपाशीवर 'ग्रोथ'चं औषध म्हणून हे मारलं तर पीक आहे तिथेच बसतं. औषध बरोबर असतं, पीक चुकीचं निवडलेलं असतं.

कोकणात हापूसला पॅक्लोब्युट्रॅझॉल देतात. ते झाडातलं जिब्रेलिन तयार होऊ देत नाही. पालवीचा जोर कमी होतो आणि मोहोर लवकर, दरवर्षी यायला मदत होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने झाडाच्या विस्ताराप्रमाणे त्याची मात्रा सांगितलेली आहे. मोहोर जास्त म्हणून मात्राही जास्त, असं करणाऱ्यांच्या बागेत मोहोर गुच्छासारखा आखडतो आणि झाड दमतं.

एनएएचं आणखी वेगळं. हलक्या मात्रेत ते फूलगळ, पातेगळ थांबवतं. मात्रा वाढली की तेच औषध फळं गाळतं. परदेशात फळांची विरळणी करायला ते मुद्दाम वापरतात.

आणि टू-फोर-डी. हे तणनाशक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते मुळात वाढीच्या संप्रेरकासारखंच काम करतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. रुंद पानाचं तण त्याने जळत नाही, ते बेताल वाढतं. देठ पिळवटतात, खोड फुगतं, अन्नपाण्याच्या नळ्या बिघडतात आणि तण मरतं. वाढवून मारणारं औषध आहे हे. म्हणूनच शेजारच्या उसात टू-फोर-डी मारलं आणि वारा कपाशीकडे असला, तर कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी निमुळती आणि बोटाबोटांची होतात. टोमॅटो आणि द्राक्षालाही ते सोसत नाही. वाऱ्याइतकाच दोष न धुतलेल्या पंपाचा असतो. पंपाच्या तळाशी राहिलेलं थोडंसं औषधही कपाशीला पुरतं. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं. बांधावरचं भांडण कितीला पडतं ते गावात कुणालाही विचारा.

'इन्सेक्ट ग्रोथ रेग्युलेटर' लिहिलेलं असेल तर त्याचा पिकाच्या वाढीशी संबंधच नाही. तिथे वाढ किडीची, आणि ती बिघडवायची. नोव्हॅल्युरॉन, ब्युप्रोफेझिन ही त्यातली नावं. कीड कात टाकायला जाते तेव्हा तिला नवी कातडी धरता येत नाही आणि ती मरते. त्यामुळे फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळी चालताना दिसते. लगेच 'औषध बोगस' म्हणून दुसरं मारायची घाई करू नये, काही दिवस जाऊ द्यावेत. शेजारी तुतीची बाग असेल तर मात्र हे औषध जपून. रेशमाची अळीही अळीच आहे.

बाटली घेताना काय पाहायचं? मोठ्या अक्षरातलं नाव नाही, बारीक अक्षरातला घटक पाहायचा. जिब्रेलिक ॲसिडसारखी संजीवके कीटकनाशक कायदा १९६८ खाली येतात, त्यांच्या लेबलवर नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक, अमिनो ॲसिड असली टॉनिकं बायोस्टिम्युलंट म्हणून फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आणली आहेत. नावात 'ग्रो', घटक कुठेच नाही, नोंदणी नाही आणि सोबत 'हमखास दुप्पट' असं छापलेलं असेल तर ती बाटली फळीवरच ठेवावी. आणि बिल घ्यावं. उधारीवर घेतलं तरी बिल घ्यावं.

कोंबडीवाल्यांसाठी एक ओळ. खाद्याच्या पोत्यावर 'ग्रोअर' असेल तर ते अंड्यांच्या जातीच्या वाढत्या तलंगांचं खाद्य. पिल्लांचं वेगळं, अंड्यावरच्या कोंबडीचं 'लेअर' वेगळं. लेअर खाद्यात चुना जास्त असतो, तो तलंगांना लवकर घातला तर मूत्रपिंडं बिघडतात.

बियाणं : उगवलं नाही की वाढलं नाही?

बियाण्याच्या पिशवीवर 'ग्रोथ' नसतं, 'जर्मिनेशन' असतं. म्हणजे उगवण. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती कमीत कमी ७० टक्के लागते. हा आकडा फक्त कोंब येण्याचा आहे. पुढे झाड किती वाढेल, शेंगा किती लागतील, याची ती हमी नाही.

तक्रारीत हा फरक फार महाग पडतो. इंग्रजीत 'द सीड डिड नॉट ग्रो' असं लिहिलं तर त्यातून दोन्ही अर्थ निघतात, उगवलं नाही हाही आणि उगवलं पण वाढलं नाही हाही. मराठीतही कित्येक अर्जांत 'बियाणे वाढले नाही' एवढंच असतं. तालुकास्तरीय समिती पाहणीला येते तेव्हा उगवणीच्या तक्रारीत ओळीतली रोपं मोजली जातात. रोपं उभी असतील आणि खुजी असतील तर ती तक्रार वेगळी, तिची कारणंही वेगळी. म्हणून अर्ज मराठीतच करावा आणि स्पष्ट करावा : पेरणी अमुक तारखेला, उगवण इतकी विरळ, किंवा उगवण ठीक पण फुलोरा नाही. पिशवी, त्यावरचा टॅग, बिल आणि मूठभर शिल्लक बी जपून ठेवावं. अर्ज उगवणीचा असेल तर रोपं लहान असतानाच द्यावा. दुबार पेरणी झाल्यावर मोजायला काही उरत नाही.

घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे ठेवून गुंडाळी करावी, ओल टिकवावी आणि आठवडाभरात कोंब मोजावेत. ७० च्या वर आले तर बी पेरायला चालतं. कमी आले तर त्या प्रमाणात बी वाढवावं लागतं. कोंब निम्म्यावर आले तर ते बी पेरण्यापेक्षा विकलेलं बरं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल नाजूक असतं, पोती आपटली की उगवण बसते. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय, किंवा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरलं, तर चांगलं बीसुद्धा दगा देतं.

दवाखान्यातला 'ग्रोथ'

लघवीचं किंवा पुवाचं 'कल्चर' करायला दिलं आणि रिपोर्टवर 'नो ग्रोथ' आलं की काही घरांत चिंता सुरू होते. वाढ नाही म्हणजे काहीतरी कमी पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात नमुना लॅबमध्ये ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहिलेलं असतं. 'नो ग्रोथ' म्हणजे जंतू वाढले नाहीत. बहुतेक वेळा ही बरी बातमी असते. मात्र नमुना देण्याआधीच अँटिबायोटिक गोळ्या सुरू केल्या असतील तर जंतू दबलेले राहून असाच रिपोर्ट येऊ शकतो. म्हणून कोणत्या गोळ्या घेतल्या ते डॉक्टरांना सांगावं, लपवू नये.

याउलट सोनोग्राफी किंवा दुर्बिणीच्या तपासणीत एखाद्या अवयवात 'ग्रोथ' दिसली असं लिहिलं असेल तर तिथे जास्तीची गाठ किंवा मांस वाढलंय असा अर्थ. ती कॅन्सरचीच असते असं नाही, तुकडा तपासल्यावरच कळतं. पण 'ग्रोथ आहे, म्हणजे चांगलं आहे' असं समजून रिपोर्ट कपाटात ठेवून देणं जिवावर बेतू शकतं.

गरोदर बाईच्या सोनोग्राफीत 'फीटल ग्रोथ' म्हणजे पोटातल्या बाळाची वाढ. तिथे 'आययूजीआर' किंवा 'एफजीआर' अशी अक्षरं असतील तर बाळ दिवसांच्या मानाने लहान आहे, वाढ अडली आहे, असं डॉक्टर सांगत असतात. 'पहिलटकरीण आहे, पुढे भरेल' असं घरच्या घरी ठरवायची ही गोष्ट नाही. पुढची तारीख चुकवू नये.

अंगणवाडीतला 'ग्रोथ चार्ट' जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये आणलेल्या मापांवर बेतलेला आहे, मुलाचा आणि मुलीचा वेगळा. त्यावर रंगांचे पट्टे असतात. सगळ्यात खालचा पट्टा म्हणजे वजन फार कमी, हे बहुतेक आयांना कळतं. पण हिरव्या पट्ट्यातही रेघ कुठे चाललीय ते पाहायला हवं. तीन महिने वजन तेवढंच असेल तर रेघ आडवी जाते. वजन घटलं नाही म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण त्या वयात वजन न वाढणं हीच अडचण असते. अंगणवाडी ताई 'ग्रोथ होत नाही' म्हणतात तेव्हा पोराची उंची नव्हे, ही आडवी रेघ त्यांच्या डोळ्यासमोर असते.

पैशातला 'ग्रोथ'

म्युच्युअल फंडाच्या फॉर्मवर 'ग्रोथ' असा पर्याय असतो. याचा अर्थ पैसा नक्की वाढणार असा नाही. फंडाला नफा झाला तर तो हातात न देता आतच ठेवतात, एवढाच अर्थ. बाजार पडला तर 'ग्रोथ' पर्यायातली रक्कमही कमी होते. दुसरा पर्याय पूर्वी 'डिव्हिडंड' नावाने होता, १ एप्रिल २०२१ पासून त्याचं नाव 'आयडीसीडब्ल्यू' झालं. त्यात मधूनमधून पैसे मिळू शकतात, पण ते आपल्याच रकमेतून वजा होतात, व्याजासारखे वर मिळत नाहीत.

टीव्हीवरच्या 'ग्रोथ रेट घटला' या बातमीचंही तेच. दर आठवरून सहा टक्क्यांवर आला तर देशाचं उत्पन्न कमी झालं असं नव्हे. ते वाढलंच, फक्त पूर्वीपेक्षा हळू. १०० क्विंटल कांदा एका वर्षी १०८ झाला आणि पुढच्या वर्षी साधारण साडेसहा क्विंटलने वाढून एकशे साडेचौदाच्या आसपास गेला, तर चाळीत कांदा जास्तच असतो. दर शून्याच्या खाली गेला तरच खरी घट. त्याला अर्थशास्त्रातली मंडळी 'निगेटिव्ह ग्रोथ' म्हणतात, म्हणजे उणे वाढ.